एका गदेचे दोन मानकरी

आमच्या करंजटाकळीच्या हायस्कुलात रंगनाथ फुंदे सर बत्तीस वर्षं खेळाचे शिक्षक होते. खो-खो, कबड्डी, लेझीम हे सगळं ते शिकवायचे. पण घरी आलेल्या पाहुण्याला सांभाळून घ्यावं तेवढंच. पाहुणा गेला की पुन्हा कुस्ती. शाळेच्या मैदानाच्या कोपऱ्यात त्यांनी स्वतःच्या हातांनी आखाडा खणला होता. त्यातल्या तांबड्या मातीत ताक, लिंबू, हळद आणि तिळाचं तेल पडायचं. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बाई म्हणायच्या, आमच्या खिचडीपेक्षा सरांच्या मातीत जिन्नस जास्त.

मी आरती पालवे, त्याच शाळेत मराठी शिकवते. शाळेत कुठलाही कार्यक्रम असला की निवेदन माझ्याकडे येतं. त्यामुळे त्या रविवारी जे झालं ते पहिल्यापासून शेवटपर्यंत माइक हातात धरून मी पाहिलं आहे.

आमच्याकडे दिवाळी झाली की अर्धा वर्ग आईबापांबरोबर ऊसतोडीला जातो. फुंदे सर टेम्पोत चढणाऱ्या पोरांना सांगायचे, रोज शंभर बैठका, उसाच्या फडात असला तरी. एप्रिलमध्ये पोरं परत आली की सर त्यांचे खांदे चाचपून बघायचे. मोळी नावाचा एक डाव आहे, समोरच्याला आवळून गाठोडं करायचं आणि उचलायचं. तो आमच्या पोरांना शिकवावाच लागत नसे. पुढे पोरं सोळाव्या वर्षीच कोयता धरायला लागली, आखाडा ओस पडला, तेव्हा सरांनी मुलींना मातीत उतरवलं. गाव चार महिने कुजबुजलं आणि मग मुलींच्या कुस्त्या बघायला यायला लागलं.

सरांच्या हाताखालून महाराष्ट्र केसरी कोणी झाला नाही. सात जण पोलिसात गेले, एक जण शिर्डीत तीन लॉजचा मालक झाला आणि सहा मुली जिल्ह्याला खेळल्या. सरांची एकच खोड होती. चुकीचा डाव त्यांना बघवत नसे. रस्त्यात दोन माणसं भांडताना दिसली तरी ते भांडण सोडवायच्या आधी सांगायचे, "मनगट धर. कॉलर धरून काय हुतंय."

या वर्षी सर निवृत्त होणार होते. जिल्ह्यातल्या क्रीडा शिक्षकांची एक संघटना दरवर्षी एकाला जीवनगौरव पुरस्कार म्हणून चांदीचा मुलामा दिलेली गदा देते. समितीत आठ जण होते. चार मतं फुंदे सरांना पडली आणि चार काष्टीच्या काकासाहेब लगड सरांना. लगड सरही खेळाचे शिक्षक, तेही याच वर्षी निवृत्त होणारे, त्यांनीही आयुष्य आखाड्यात घातलेलं. दोनदा मतदान झालं, दोन्हीदा चार-चार. शेवटी समितीने ठरवलं की पुरस्कार दोघांना विभागून द्यायचा. मान विभागता आला, गदा आली नाही. गदेवर दोन्ही नावं कोरली आणि ती कोणी कधी ठेवायची ते आपसात ठरवा असं पत्रात लिहिलं.

मला हे कळलं तेव्हा मी फुंदे सरांना विचारलं, "लगड सरांची आणि तुमची ओळख आहे ना?"

"एकदा लढलोय," सर म्हणाले. "अठ्ठ्याऐंशी साली, यात्रेतल्या कुस्त्यांच्या हगाम्यात. एक तास दहा मिनिटं. दिवस मावळला म्हणून पंचांनी बरोबरीत सोडवली."

"मग?"

"मग काय न्हाई. तवापासून भेटलो की नमस्कार करतो."

कार्यक्रम आमच्याच मैदानावर होता. मंडप आखाड्यावरूनच घेतला होता, म्हणजे स्टेजसमोर खुर्च्या आणि खुर्च्यांच्या मधोमध मातीचा चौकोन. प्रमुख पाहुणे कल्याणशेठ, ते शिर्डीचे लॉजवाले, सरांचे जुने पठ्ठे. ते गाडीतून उतरले, सरांच्या पाया पडले. सरांनी त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "एकशे अठरा." कल्याणशेठ शरमले. हात धरून वजन सांगणं सरांना जमायचं आणि ते कधी चुकत नसत.

लगड सर काष्टीहून एकटेच, दोन एसटी बदलून आले होते. उंच, सडपातळ, मिशी पांढरी. दोघांनी एकमेकांना नमस्कार केला. दोघांना गुलाबी फेटे बांधले. दीपप्रज्वलन झालं, स्वागतगीत झालं, आणि मी मानपत्र वाचायला उभी राहणार एवढ्यात फोटोग्राफर ओम पुढे आला. त्याला पेपरसाठी चांगला फोटो हवा होता.

"सर, तुमी दोघं जरा मातीत या ना," तो म्हणाला. "गदा मागं ठेवू. पॅन्ट वर दुमडा, बास."

दोघे चपला काढून आखाड्यात उतरले. ओमने कॅमेरा लावला. "माती कपाळाला लावा. हां. आता शड्डू ठोका. आवाज आला पायजे. हां. आता हात मिळवा. आन् आता खऱ्यासारखं एकमेकांना धरा."

त्यांनी धरलं. ओमने सहा-सात फोटो काढले आणि म्हणाला, "झालं सर, सोडा."

कोणी सोडलं नाही.

आधी आम्हाला वाटलं, हौस आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मिनिटभराने टाळ्या थांबल्या. फुंदे सरांचं डोकं लगड सरांच्या खांद्यावर टेकलेलं होतं आणि दोघांच्या मानेच्या शिरा फुगल्या होत्या. हेडसर माझ्याकडे बघायला लागले. मी माइक घेऊन आखाड्याच्या कडेला गेले.

"सर," मी म्हटलं, "पुढचा कार्यक्रम सुरू करायचा आहे."

"मॅडम, कपाळाला माती लागली," फुंदे सर म्हणाले. त्यांचा आवाज दबलेला होता पण शांत होता. "शड्डू बी ठोकला. आता ही कुस्ती लागली."

"फोटोसाठी ठोकला हो."

"मातीला काय ठावं, कशासाठी."

मी लगड सरांकडे पाहिलं. ते म्हणाले, "त्येंचं बराबर हाय. मला सोडता येनार न्हाई. त्येनी सोडलं तर मी सोडीन."

"मी कसा सोडू?" फुंदे सर म्हणाले.

आता कुस्ती थांबवायची तर पंच लागतो. हेडसरांनी शिट्टी मागवली. फुंदे सर खालूनच म्हणाले, "हेडसर, राग मानू नका. तुमी भूगोलाचे." पंच दोघांनाही मान्य असावा लागतो. समितीच्या अध्यक्षांचं नाव निघालं; लगड सर म्हणाले, त्यांनी मला मत दिलेलं नाही. उपाध्यक्षांचं निघालं, त्यांनी फुंदे सरांना दिलेलं नव्हतं. आठही जण असेच बाद झाले.

मग कल्याणशेठ उठले. म्हणाले, मी सोडवतो, पोरगाच आहे मी सरांचा. बूट काढून ते मातीत उतरले आणि दोघांच्या मध्ये हात घालायला गेले. ओल्या मातीत त्यांचा पाय सरकला आणि ते पाठीवर पडले. मंडपाचे खांब हलले.

फुंदे सरांना मान वळवता येत नव्हती, पण आवाजावरून त्यांना सगळं कळलं होतं. "कल्याण," ते म्हणाले, "हनुवटी छातीला लावून पडायचं. सातवीत शिकवलंय तुला."

"व्हय सर," कल्याणशेठ पडल्या जागेवरून म्हणाले. सहा मुलींनी मिळून त्यांना उठवलं.

आता काय करायचं? दोनशे माणसं बसली होती. समितीचे अध्यक्ष नगरहून आले होते आणि त्यांना चारपर्यंत परत पोहोचायचं होतं. हेडसरांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, सत्कारमूर्ती हजर आहेत. कार्यक्रम पत्रिकेप्रमाणे घ्या."

म्हणून मी मानपत्र वाचलं. ते मी आठ रात्री जागून लिहिलं होतं. 'आपली नजर सदैव क्षितिजावर खिळलेली राहिली' असं त्यात एक वाक्य होतं आणि मी ते वाचलं तेव्हा फुंदे सरांची नजर लगड सरांच्या काखेत होती. तरी मी वाचत गेले. मध्येच 'बत्तीस वर्षांत आपण एकही रजा' इथपर्यंत आले, तर खालून आवाज आला, "एक घेतलीती. आई गेली तवा." मी दुरुस्त करून वाचलं.

शाली द्यायच्या होत्या. अध्यक्ष अनवाणी मातीत उतरले आणि जी पाठ हाती लागली तिच्यावर एकेक शाल टाकून आले. नारळ हातात देता येईनात म्हणून पायांशी ठेवले. हार घालताना घोटाळा झाला. एकच हार दोघांच्या गळ्यात गेला आणि तो काढायचा म्हणजे कोणाला तरी मान सोडवून घ्यावी लागली असती, ते नियमात बसत नव्हतं. फेटे केव्हाच सुटून एकमेकांत गुंतले होते.

मग सत्काराला उत्तर. मी माइक फुंदे सरांच्या तोंडापाशी धरला.

"लगड सर, मान जरा ढिली करा," ते म्हणाले. "बोलायचंय." लगड सरांनी हात सैल केला. "सगळ्यांचे आभार. मी काय केलं न्हाई. पोरापोरींनी केलं. माती चाळायला दर सालाला कोनीतरी येत ऱ्हावा, तिच्यात खडे हुतात. झालं, सर." लगड सरांनी मान पुन्हा आवळली.

लगड सरांचं भाषण अकरा मिनिटं चाललं. माती आणि मॅट, दूध आणि पावडर, पूर्वीचे खुराक, सगळं आलं. तेवढा वेळ फुंदे सर स्वस्थ उभे होते. नंतर ते मला म्हणाले, त्या वेळी त्यांना पट काढायला, म्हणजे पाय धरून पाडायला, दोनदा जागा सापडली होती, पण माणूस बोलतोय तर बरं दिसत नाही.

एक वाजता जेवणं झाली. पुरी-भाजी, मसालेभात, जिलबी. लोक पत्रावळी घेऊन आखाड्याभोवतीच बसले. अर्धा वेळ ते दोघं एकमेकांवर रेललेले असायचे आणि ते झुंजत आहेत की विसावा घेत आहेत हे सांगता येत नव्हतं. मग एकदम कोणी तरी जोर लावायचा, सगळ्यांचे घास थांबायचे, आणि पुन्हा काही नाही.

फुंदे सरांच्या मंडळी छबूवहिनी इतका वेळ बायकांत बसल्या होत्या. त्या चहाची किटली घेऊन आल्या. आधी लगड सरांना पाजला, पाहुणे म्हणून, मग नवऱ्याला.

"वहिनी, तुम्ही सांगा ना त्यांना," मी म्हटलं.

"काय सांगू? बत्तीस वरसं सकाळी पाचला उठून मातीतच गेलाय ह्यो मानूस. आज निदान समोर तरी हाय." मग त्या नवऱ्याकडे वळल्या. "गोळी घेतली का बीपीची?"

"खिशात हाय."

छबूवहिनींनी खिशातून गोळी काढून त्यांच्या जिभेवर ठेवली. लगड सर म्हणाले, "वहिनी, माझ्या वरच्या खिशात बी बघा. पांढरी." त्यांनाही दिली.

दोन वाजता मंडपवाला अजिनाथ आला. त्याला संध्याकाळी पाथर्डीत साखरपुडा होता आणि मंडप तिकडे न्यायचा होता. त्याने थोडा वेळ वाट पाहिली, मग खुर्च्या उचलल्या, मग कापड सोडायला लागला. फेब्रुवारीचं ऊन दोघांच्या डोक्यावर आलं. अजिनाथने एक क्षण त्यांच्याकडे पाहिलं आणि आखाड्यावरचं तेवढं एक कापड चार बांबूंवर ठेवून दिलं. म्हणाला, हे उद्या नेईन. अध्यक्ष गेले, कल्याणशेठही कंबर धरत गाडीत बसले. मैदानात आम्ही तीस-चाळीस जण उरलो. मुलींपैकी मात्र एकही हलली नव्हती. नववीतली निकिता, सरांची सगळ्यात तयार पठ्ठी, आखाड्याच्या काठावर उकिडवी बसून सगळं बघत होती.

पावणेतीनच्या सुमाराला लगड सरांनी डाव टाकला. फुंदे सरांचा उजवा हात त्यांनी आपल्या बगलेत दाबला आणि वळले. याला ढाक म्हणतात. समोरच्याला आपल्या कमरेवरून उलटा टाकायचा असतो. फुंदे सरांचे पाय मातीतून थोडे उचलले गेले आणि पुन्हा टेकले. लगड सरांनी पुन्हा ओढलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच.

फुंदे सरांचा चेहरा मला दिसत होता. त्यावर हरण्याची भीती नव्हती. वर्गात कोणी 'पाणी' शब्दातला णी ऱ्हस्व लिहिला की माझा चेहरा होत असेल तसा तो झाला होता. चौथ्या वेळी त्यांना राहवलं नाही.

"कंबर," ते म्हणाले.

"काय?" लगड सर धापा टाकत म्हणाले.

"कंबर बाहेर ठेवताय तुमी. बाहेरून ढाक बसत न्हाई. आत घ्या."

"एवढी?"

"आनखी. माझ्या पोटाच्या खाली आली पायजे. गुडघे वाकवा, वाकल्याबिगर कशी जाईल. हां. आता हात सोडू नका, मुंडकं डाव्या अंगाला फिरवा. आन् आता उचला."

लगड सरांनी उचललं. फुंदे सर त्यांच्या कमरेवरून पुरे फिरले, दोन शाली आणि एक हार घेऊन, आणि दोन्ही खांद्यांनी मातीत बसले. हनुवटी छातीला लावलेली होती.

फुंदे सर पडल्या जागेवरून आभाळाकडे, म्हणजे अजिनाथच्या कापडाकडे, बघत होते.

"बसला," ते म्हणाले. "निकिता, बघितलंस का? कंबर कशी गेली?"

"बघितलं सर."

लगड सर त्यांच्या शेजारी गुडघ्यांवर बसले होते. त्यांनी हात पुढे करून फुंदे सरांना उठवलं आणि त्यांच्या पाठीची माती झटकली. हेडसर पुढे झाले, गदा उचलून लगड सरांपुढे धरली. लगड सर मागे सरले.

"मी न्हाई घेनार. ही कुस्ती मी मारली न्हाई."

"चीत कोन झालं?" फुंदे सरांनी विचारलं.

"तुमी."

"मग मारली कोनी?"

"शिकवली कोनी?" लगड सर म्हणाले.

यावर अर्धा तास वाद झाला. दोघेही भराभरा बोलत होते आणि दोघेही उभे राहायला एकमेकांचा खांदा धरून होते. हेडसरांना संघटनेकडे अहवाल पाठवायचा होता, त्यात रकाने होते. शेवटी तो माझ्या अक्षरात असा गेला: विजयी, काकासाहेब लगड. मार्गदर्शक, रंगनाथ फुंदे. पराभूत, रंगनाथ फुंदे. त्यांचे मार्गदर्शक, हा रकाना मी मोकळा सोडला होता; लगड सरांनी वाकून वाचलं आणि म्हणाले, "मोकळा ठेवू नका. लिहा, हजर नव्हते."

गदा कोणीच नेली नाही. ती आता शाळेच्या ऑफिसच्या दाराला लावून ठेवली आहे. तिथलं दार वाऱ्याने आपटायचं, ते थांबलं.

लगड सरांना मी आणि छबूवहिनींनी पाथर्डीच्या जीपमध्ये बसवून दिलं. त्यांचा पाय उचलून आत ठेवावा लागला. मला वाटलं, विषय संपला.

सहाव्या दिवशी मी शाळेत लवकर गेले होते, पेपर तपासायचे होते. मैदानावर मुलींचा सराव चालला होता. फुंदे सर नेहमीप्रमाणे काठी टेकवून उभे. फाटकातून लगड सर आत आले, हातात कापडी पिशवी. पाथर्डीत भाच्याकडे मुक्काम करून पहिल्या जीपने आले होते. पिशवीतून त्यांनी लंगोट काढून दाखवला.

"फुंदे सर," ते म्हणाले, "त्या दिवशी माझी कंबर मी आत घातली का ती आपोआप गेली, ते मला काय कळंना. चार दिवस घरी खांबाला धरून बघितलं. खांब काय बोलत न्हाई."

"एकतीस वरसं ढाक शिकवलात न्हवं पोरांना?"

"शिकवला. चुकीचा शिकवला आसंल. ती पोरं आता बाप झाली, त्येंना काय सांगू? एकाला तरी बरोबर येऊ द्या."

फुंदे सरांनी काठीने रांगेचं शेवटचं टोक दाखवलं. आठवीच्या मुली एकेक पाऊल पुढे सरकल्या आणि मागे जागा झाली.

"आधी पन्नास बैठका," फुंदे सर म्हणाले. "निकिता, मोज यांच्या."

लगड सर कपडे बदलून रांगेत उभे राहिले. निकिता मोजत होती. पंचविसाव्या बैठकीला त्यांचे गुडघे वाजायला लागले, ते मला व्हरांड्यापर्यंत ऐकू आले. अडतिसाव्याला ते थांबले आणि दोन्ही हात मांड्यांवर टेकवून उभे राहिले.

"सर, अडतीस झाल्या," निकिता म्हणाली.

"ऐकू आलं मला," लगड सर म्हणाले, आणि एकोणचाळिसावीसाठी खाली बसले.